आमचा इस्तंबूलपर्यंतचा प्रवास

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानें निदान प्रवास तरी केलेला असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. म्हणून आम्हांस आरंभींच कबूल करणें भाग आहे कीं, बर्लिनपासून इस्तंबूलपर्यंतचा जो प्रवास आम्ही येथें सांगणार आहों, तो आम्हीं कोल्हापुरांतील आमच्या घराच्या माडीवर, वेताच्या खुर्चीत बसून केला. सोबतीस आमचे एक्याऐंशीं वर्षांचे वडील आणि नववींत शिकणारे चिरंजीव होते. गाडी होती, पण ती पडद्यावर. पाऊस होता, पण तो अंगावर पडत नव्हता. असें असूनहि, पस्तीस वर्षांपूर्वीं जें आम्हीं वाटेंत टाकून दिलें होतें, तें या प्रवासांत आम्हांस पुनः सांपडलें. म्हणून तो सांगण्याचें धाडस करीत आहों.

संगणकावरील खेळांविषयीं आमचें मत आजवर चांगलें नव्हतें. प्रार्थनेनंतर मुलांस चार शब्द सांगण्याची पाळी आमच्यावर आली कीं, वेळेचा अपव्यय या विषयावर आम्ही नेमानें बोलत असूं, आणि त्यांत या खेळांचा उद्धार केल्याशिवाय आमचें भाषण संपत नसे. पुढें सहामाही परीक्षेंत आमच्याच चिरंजीवांस भूमितींत जेमतेम गुण पडले. त्या रात्रीं माडीवरून कसलासा फटफट आवाज ऐकूं आला, तेव्हां आम्ही तडक जिना चढून वर गेलों. यंत्र बंद करावयाचें, असा निश्चयच केला होता.

वर पाहतों तों पडद्यावर बंदूक नाहीं, शत्रु नाहीं, शर्यतहि नाहीं. रस्त्याच्या कडेला एक लहानशी, ओबडधोबड गाडी बॉनेट उघडून उभी होती. चिरंजीव तिच्या इंजिनांत डोकावून पाहत होते. भूमितीच्या पुस्तकावर जी एकाग्रता आम्हीं वर्षभर व्यर्थ शोधिली, ती त्या वेळीं त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होती.

"हा कसला खेळ?" आम्हीं विचारिलें.

"गाडी बंद पडलीय, पपा."

"मग यांत जिंकावयाचें कसें?"

"जिंकायचं नाही. पोहोचायचं."

या उत्तरानें आमचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा तसाच ठेवून आम्ही शेजारीं बसलों.

खेळाचें नांव 'जलॉपी'. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ जुनाट, मोडकळीस आलेली गाडी. आपण तिला खटारा म्हणतों. ग्रेग प्रिजमाचुक या ब्रिटिश गृहस्थांनीं तो रचिला. हे गृहस्थ पूर्वीं एका मोठ्या कंपनींत फॉर्म्युला वन शर्यतींचे खेळ बनविण्याच्या कामावर होते. ती नोकरी सोडून त्यांनीं जवळजवळ एकट्यानें हा खेळ उभा केला. २०१६ सालीं तो अपुऱ्या स्वरूपांत लोकांपुढें आला आणि मार्च २०१८ मध्यें पुरा झाला. जगांतील अत्यंत वेगवान गाड्यांची नक्कल करण्यांत ज्याचे दिवस गेले, त्यानें अत्यंत मंद गाडीच्या ठिकाणीं मन गुंतवावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

खेळांतला काळ १९९० सालचा. बर्लिनची भिंत नुकतीच पडली आहे आणि पूर्व जर्मनी हा देश अद्याप नकाशावर आहे. पूर्व बर्लिनहून एक तरुण आपल्या वयस्क काकास शेजारीं बसवून इस्तंबूलास निघतो. काकाचें नांव लुत्फी. वाटेंत चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया हे देश ओलांडून तुर्कस्तानांत शिरावयाचें असतें. भूगोलाच्या शिक्षकांनीं लक्षांत घ्यावें कीं, यांपैकीं पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया हीं नांवें आजच्या नकाशावर सांपडत नाहींत.

गाडी रोज कांहींना कांहीं मागते. कार्ब्युरेटर, बॅटरी, इग्निशन कॉइल, हवेची गाळणी हे भाग एकेक करून तपासावे लागतात. चाक निकामी झालें तर जॅक लावून बदलावें लागतें. कांच मळली तर पुसावी लागते. जवळ पैसे थोडे. रस्त्याच्या कडेला सांपडलेलीं खोकीं उचलावयाचीं, पुढल्या दुकानांत तो माल विकावयाचा आणि त्या पैशांत पेट्रोल घ्यावयाचें कीं टायर, याचा विचार करावयाचा. सीमेवर शिपाई झडती घेतात. रात्रीं रस्त्यालगतच्या एखाद्या लॉजांत निजून सकाळीं पुढची वाट धरावयाची. कोणी पाठलाग करीत नाहीं. हाल होतात ते केवळ आपल्या निष्काळजीपणानें.

असल्या खेळांची आतां एक जातच निर्माण झाली आहे. फिनलंडच्या एका खेळांत गाडीचा नटबोल्ट न नटबोल्ट जोडून ती प्रथम उभी करावी लागते. दुसऱ्या एकांत निर्मनुष्य वाळवंटांतून कोसच्या कोस जावयाचें असतें आणि पाणी, अन्न व इंधन यांचा हिशेब चुकला कीं प्रवास आटोपतो. परंतु आम्हांस जिव्हाळा लागला तो या खटाऱ्याचाच. कारण त्याच्यामागें खरी गाडी आणि खरीं माणसें उभीं आहेत.

खेळांतल्या गाडीचें नांव लायका. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं रशियानें जी कुत्री अंतराळांत पाठविली आणि जी परत आली नाहीं, तिचेंच हें नांव. लायका गाडी ज्या खऱ्या गाडीवर बेतली आहे तिचें नांव ट्राबांट. ती त्याच १९५७ सालीं पूर्व जर्मनींतील झ्विकाउ गांवीं बनूं लागली. ट्राबांट म्हणजे सोबत करणारा, उपग्रह. इंजिन दोन सिलिंडरांचें, सहाशें घन सेंटिमीटरांहून थोडें लहान. शक्ति अवघी २६ अश्वांची. बाहेरचें अंग पत्र्याचें नव्हे, तर कापसाचा टाकाऊ चोथा आणि राळ दाबून केलेलें. अशी ही गाडी मिळण्यासाठीं तेथील लोकांस दहा वर्षें आणि त्याहूनहि अधिक थांबावें लागे. पुढें ११ सप्टेंबर १९८९ रोजीं हंगेरीनें ऑस्ट्रियाची सीमा पूर्व जर्मनांस मोकळी केली, तेव्हां कित्येक कुटुंबें याच गाड्यांत मुलेंबाळें आणि वळकट्या कोंबून पलीकडे गेलीं. ९ नोव्हेंबरला भिंतीचीं दारें उघडलीं आणि तेथूनहि हाच खटारा फटफटत बाहेर पडला. ज्या गाडीला जगानें हंसावें, तिनेंच माणसांस पैलतीरीं नेलें!

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांस ही कथा परकी वाटूं नये. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट आणि १९७४ पासून पद्मिनी या नांवानें गाडी निघत असे. त्या गाडीसाठींहि पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. उन्हाळ्यांत घाट चढतांना ती हटकून रुसे, आणि पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवून तिची समजूत काढावी लागे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटचा निरोप घेतला, तेव्हां अनेकांचे डोळे पाणावले, तें कांहीं उगीच नव्हे.

असो. दुसऱ्या दिवशीं रात्रीं आम्हीं स्वतः चाक हातीं घेतलें. पदवीधर माणसास एक खेळण्यांतली गाडी चालवितां येऊं नये कीं काय, असा आमचा भाव होता. पहिल्याच दिवशीं आम्हीं जादा टायर न घेतां पैसे वांचविले आणि चेकोस्लोव्हाकियाची सीमा दिसण्यापूर्वींच रस्त्यावर बसलों. पुनः आरंभ केला. या वेळीं टायर होता, पण इंजिन धडधडूं लागलें आणि गाडीचा दम सुटला. चिरंजीव एक उपाय सांगत, आम्ही दुसरा करीत असूं, आणि गाडी दोघांचेंहि ऐकत नव्हती.

खोलीच्या कोपऱ्यांत आमचे वडील खाटेवर पडून होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनहि त्यांस आतां फारसें दिसत नाहीं. पडदा त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत नव्हताच. पण आवाज कानांवर पडत होता. ते एकाएकीं म्हणाले, "तेल घातलंस का रं पेट्रोलात?"

आम्हीं म्हटलें, "बाबा, हा खेळ आहे."

"खेळ असंल. पण टू-स्ट्रोक हाय ती. आवाज ऐक की. आपल्या राजदूतासारखा. पेट्रोलात तेल नसंल तर पिस्टन धरणार."

चिरंजीवांनीं पाहिलें, तों खरोखरच पेट्रोलांत तेलाचें प्रमाण बिघडलेलें होतें. असल्या साध्या दोन-स्ट्रोकच्या इंजिनांत वंगणासाठीं तेलाचें वेगळें कोठार नसतें; पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. खऱ्या ट्राबांटास पुढील काळांत ५० भाग पेट्रोलांत १ भाग तेल लागत असे. तेल घालतांच लायका ताळ्यावर आली. नातवानें आजोबांची खाट ओढून पडद्याशेजारीं आणिली, आणि त्या रात्रीपासून आमच्या गाडींत लुत्फीकाकांखेरीज आणखी एक वडील माणूस बसूं लागलें.

येथें सांगितलें पाहिजे कीं, आमचे वडील व्यवसायानें ड्रायव्हर. एका मिशन इस्पितळाची गाडी त्यांनीं एकतीस वर्षें चालविली. प्रथम जीप, नंतर मॅटाडोर. गाडीची विद्या ते उद्यमनगरांतील एका गॅरेजांत पोरवयांत शिकले. "उघडल्याबिगर कळत न्हाई" हें त्यांचें एकमेव सूत्र. कोल्हापूरच्या मातींत हें सूत्र जुनें आहे. विलायती कॅमेरा परवडेना म्हणून बाबूराव पेंटरांनीं १९१८ च्या सुमारास येथेंच स्वतःचा कॅमेरा जुळविला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढें आणिला, हें सर्वश्रुत आहे. आम्ही मात्र त्या सूत्रापासून दूर वाढलों. मिशनच्या कृपेनें शाळा झाली, पदवी मिळाली, हातीं खडू आला. आमचे हात नेहमीं पांढरे राहिले, आणि वडिलांचे काळे.

या काळ्या हातांची आम्हांस लाज वाटत असे. तें लिहावयास आजहि लेखणी अडखळते. परंतु तें टाळलें तर या लेखास कांहीं अर्थ उरणार नाहीं.

ती गोष्टहि १९९० सालचीच. आम्ही पांचवींत होतों. पावसाळ्याचे दिवस होते. मधल्या सुटींत शाळेच्या फाटकाशीं वडील उभे दिसले. कपडे चिखलानें भरलेले, हात कोपरांपर्यंत काळे, आणि त्या हातांत आमची विसरलेली छत्री. आमच्याबरोबर एक श्रीमंत घरचा वर्गमित्र होता. त्यानें विचारिलें, "हा कोण रे?" आम्हीं म्हटलें, "आमचा ड्रायव्हर आहे." वडील पांच हातांवर होते. त्यांनीं ऐकिलें. छत्री आमच्या हातीं दिली आणि एक शब्द न बोलतां ते निघून गेले. त्या दिवशीं घरीं गेल्यावर त्यांनीं तो विषय काढिला नाहीं. पुढेंहि कधीं काढिला नाहीं. आम्हींहि काढिला नाहीं. आणि न काढतां काढतां आम्ही चाळिशी ओलांडली.

आतां खेळाकडे वळूं. वडील पडद्यावरचें पाहूं शकत नसत, म्हणून चिरंजीव त्यांस सर्व वर्णन करून सांगत. "आजोबा, उजवीकडे शेत आहे. पुढं चढ आहे." लगेच प्रश्न येई, "गिअर कितवा?" गाडीच्या रचनेविषयीं आम्हीं पुस्तकांतून माहिती काढिली आणि त्यांस सांगितलें कीं, खऱ्या ट्राबांटाचें इंजिन हवेनें थंड होतें, त्यास रेडिएटर नाहीं, पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वर असते, पेट्रोल आपोआप खालीं उतरतें, म्हणून पंपहि नाहीं. हें ऐकून त्यांस परम संतोष झाला. "रेडिएटर न्हाई, पंप न्हाई! मग बिघडायचं काय त्यात? शहाणा माणूस दिसतोय करणारा." चाळीस वर्षें विद्यार्थ्यांच्या उत्तरांस शाबासकी देऊन थकलेल्या शिक्षकासहि इतक्या मनापासून शाबासकी देतां येत नाहीं.

सातव्या रात्रीं आम्ही युगोस्लाव्हियांत होतों. पडद्यावर मुसळधार पाऊस लागला होता. काचेवरचे वायपर इकडून तिकडे फिरत होते. चढावर गाडी अडखळली आणि थांबली. चिरंजीव दुरुस्तीचें साहित्य शोधूं लागले. पावसाचा आवाज तेवढा खोलींत भरून राहिला. तेव्हां वडील आपल्याशींच बोलावें तसें बोलूं लागले.

"आंब्याच्या घाटात असाच पाऊस होता," ते म्हणाले. "साखरप्याच्या बाजूची बाळंतीण होती गाडीत. अडलेली. निम्मा घाट चढलो आणि रेडिएटर गळाया लागला. काटा पार वर. धुकं एवढं, की बॉनेट उघडल्यावर माझाच हात मला दिसंना. बॅटरी दातात धरली."

"मग, आजोबा?"

"मग काय? पाणी घाटात मुबलक. रॉकेलचा डबा भरायचा, वतायचा, अर्धा मैल जायचं, परत थांबायचं. पण भेग वाढाया लागली. तिच्या सासूच्या बोचक्यात हळद होती, बाळंतपणासाठी बांधून घेतलेली. म्हटलं, म्हातारे, दे ती हळद. मूठभर हळद रेडिएटरात घातली. हळद पाण्यात फुगती आणि भेगंत जाऊन बसती. गळती थांबली. मलकापुरावरून कोल्हापुरात आलो तेव्हा उजाडलं होतं. मुलगी झाली तिला."

चिरंजीव क्षणभर गप्प राहिले. नंतर म्हणाले, "या खेळात हळद नाहीये, आजोबा."

"मग अपुरा हाय तुझा खेळ," वडील म्हणाले, आणि हंसले. पुढें सहज म्हणून त्यांनीं जोड दिली, "हात धुवायलाबी सवड झाली न्हाई त्या दिवशी. तुझ्या बाची छत्री गाडीतच राहिली होती. पाऊस थांबंना, म्हणून तसाच शाळेत गेलो द्यायला."

वाचकहो, पडद्यावरचा पाऊस चालूच होता. परंतु आम्हांस पुढचें कांहीं दिसेनासें झालें. पस्तीस वर्षें ते काळे हात आम्हांस आठवत होते. ते कशानें काळे झाले होते, हें विचारण्याचें मात्र आम्हांस कधींच सुचलें नव्हतें. एका मातेस आणि तिच्या न जन्मलेल्या लेकरास रात्रभर घाटांतून ओढून आणिलेले ते हात होते. आणि ते धुण्याआधीं आमची छत्री घेऊन आले होते.

चिरंजीव झोंपावयास गेल्यावर आम्हीं वडिलांच्या खाटेपाशीं बसून फाटकाशीं घडलेली ती गोष्ट काढिली. कशीबशी बोललों. मित्रानें काय विचारिलें आणि आम्हीं काय उत्तर दिलें, तें शब्दशः सांगितलें. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ड्रायव्हरच होतो की मी. त्यात खोटं काय बोललास?"

आम्हांस बोलतां येईना.

थोड्या वेळानें ते पुनः म्हणाले, "आणि 'आमचा' म्हणालास. परका तर न्हाई म्हणालास. आता झोप. उद्या लांब जायचंय."

क्षमेवर आम्हीं वर्गांत अनेकदां निबंध लिहवून घेतले आहेत. त्यांतील उत्तमांत उत्तम निबंधांतहि हीं दोन वाक्यें आम्हांस आढळलीं नव्हतीं.

अकराव्या रात्रीं आम्हीं इस्तंबूल गांठलें. तेथें काय झालें तें सांगून ज्यांस हा प्रवास स्वतः करावयाचा आहे त्यांचा विरस आम्ही करणार नाहीं. इतकेंच सांगतों कीं, पोहोचल्याचा आनंद थोडा वेळ टिकला. वाटेंत जें कळलें तें मात्र घरांत राहिलें. चिरंजीव आतां रविवारीं आजोबांचा हात धरून खालीं नेतात, आणि शेजाऱ्यांची बंद स्कूटर उघडून दोघे तिच्यापुढें बसतात. भूमितींतील गुण वाढले असें म्हणावयास आधार नाहीं. परंतु कर्ण आणि बाहु यांविषयींची एक शंका त्यांनीं परवां जॅकचें उदाहरण घेऊन विचारिली, आणि तिचें उत्तर देतांना आम्हांसच दोनदां विचार करावा लागला.

विद्यार्थ्यांनो, सर्वच खेळ चांगले, असा या लेखाचा अर्थ घेऊं नका. तुमच्या वर्गशिक्षकांकडून आम्हांस बोल लावून घ्यावयाचे नाहींत. सारा दिवस गिळणारे आणि हातीं कांहींच न ठेवणारे खेळ पुष्कळ आहेत, आणि त्यांविषयींचें आमचें प्रार्थनेनंतरचें भाषण यापुढेंहि चालूच राहील. पण आज घरीं गेल्यावर एक गोष्ट करा. आपल्या वडिलांच्या, आईच्या, आजोबांच्या हातांकडे एकदां नीट पाहा, आणि ते असे कशानें झाले, हें त्यांस विचारा. आम्हांस तो प्रश्न विचारावयास पस्तीस वर्षें आणि सहा देश लागले. तुम्हांस एक संध्याकाळ पुरेल.

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीव म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून जायचं का, बर्लिनहून?" वडील खाटेवर उठून बसले. पडद्याच्या दिशेनें तोंड करून त्यांनीं विचारिलें, "आज ड्रायव्हर कोण?"

"मी, बाबा," आम्हीं म्हटलें.

"मग आधी पेट्रोल-तेल बघ," ते म्हणाले.